मायतास कुणाची?

कंपन्यांच्या वार्षिक सभांना मी बरीच वर्षं जातो आहे. पूर्वी तिथे भागधारकाच्या हाती दोन गोष्टी पडायच्या, जाडजूड अहवाल आणि फराळाचं पाकीट. पाकीट सभागृहातच उघडायचं. अहवाल घरी येऊन रद्दीत जायचा.

म्हणून मी तुम्हाला 'अहवाल वाचा' असं सांगेन, असं वाटलं असेल. पण हैदराबादच्या सत्यम कम्प्युटर या कंपनीचा अहवाल पाठ केला असता तरी कुणाला काही कळलं नसतं, कारण त्यातले आकडेच खोटे होते. २००८ सालीच या कंपनीला उत्तम कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' पारितोषिक मिळालं होतं!

मग सत्यम उघडी पडली कशी? भागधारकांना फक्त एक गोष्ट ठाऊक होती, मायतास कुणाची ते. सत्यमची रोमन अक्षरं उलटी लिहिली की मायतास होतं, आणि या नावाच्या दोन्ही कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने त्या १६० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. मंडळात नामवंत प्राध्यापक होते, तरी विरोधात एकही मत पडलं नाही. भागधारकांना विचारायची गरज मंडळाला वाटली नाही. प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा जेमतेम आठ-नऊ टक्के. म्हणजे पैसा लोकांचा, विकणारे घरचे आणि घेणारेही घरचेच.

बातमी फुटताच न्यूयॉर्कच्या बाजारात भाव निम्म्याहून खाली आला. मोठ्या गुंतवणूकदार संस्थांचे फोन खणखणले, आणि रात्र सरायच्या आत व्यवहार मागे घेतला गेला.

खरी गंमत पुढे आहे. ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात राजूंनी लिहिलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही, आणि मायतासची खरी मालमत्ता आणून हे भगदाड बुजवायचा तो शेवटचा प्रयत्न होता. भागधारकांना भगदाडाचा पत्ताही नव्हता. त्यांनी नात्यातला सौदा तेवढा अडवला, आणि बुजवायला माती उरली नाही. लेखापरीक्षकांना वर्षानुवर्षं जे सापडलं नाही, ते या एका 'नाही'ने तीन आठवड्यांत बाहेर काढलं.

माझा मुद्दा वेळेचा आहे. निर्णय होण्याआधी कळलेली गोष्ट आणि झाल्यावर कळलेली गोष्ट, यांत लग्नपत्रिका आणि लग्नाचा अल्बम यांच्याइतकं अंतर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने कलम १८८ आणलं. ठरावीक मर्यादेपलीकडचा नात्यातला व्यवहार आता भागधारकांपुढे न्यावा लागतो, आणि ज्याचं नातं, त्याला त्या ठरावावर मत देता येत नाही. तरी संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त पाहायचा हक्क भागधारकाला आजही नाही. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मात्र खुशाल पाहा. म्हणजे आपण काय बोललो ते वाचता येतं, 'ते' काय बोलले ते नाही.

वेळ चुकल्याचं आणखी एक उदाहरण. सत्यमनंतर जानेवारी २००९ मध्येच शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या 'सेबी'ने प्रवर्तकांच्या गहाण शेअरांची माहिती जाहीर करणं सक्तीचं केलं. राजूंचे बरेचसे गहाण शेअर सावकारांनी तोवर विकूनही टाकले होते.