दोष कोणता, आणि तो ठरवायचा कोणी?

चूक, कसूर, अपराध, गुन्हा, पाप हे शब्द चढत्या भाजणीने लावलेले आहेत, चूक सर्वांत हलकी आणि पाप सर्वांत जड, असे आपण सहसा धरून चालतो. मला हे पटत नाही. एकादशी मोडणे एखाद्याला पाप वाटेल, पण त्याची फिर्याद कोणतेही पोलीस ठाणे घेणार नाही. हेल्मेट न घालता गाडी चालवली तर दंड होतो, पण त्यासाठी कोणी नरकाची भीती घालत नाही. म्हणजे या शब्दांतला खरा फरक वजनाचा नाही, न्यायासनाचा आहे. जाब कोणी विचारायचा आणि कशाबद्दल, हे प्रत्येक शब्दात आधीच ठरलेले असते. या फरकाची सर्वांत कठोर परीक्षा गेल्या शतकात जर्मनीत झाली, म्हणून आज तिकडे वळू.

1945-46 च्या हिवाळ्यात हायडेलबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी जर्मनांच्या दोषाविषयी व्याख्याने दिली. ती 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझींनी 1937 साली त्यांना अध्यापनातून काढले होते. तेव्हा हात झटकून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही, आणि सगळ्या देशाला सरसकट आरोपीही केले नाही. ‘शुल्ड’ या एकाच जर्मन शब्दात कोंबलेले चार दोष त्यांनी सोडवून वेगळे केले. फौजदारी दोष न्यायालयाने ठरवायचा. राजकीय दोष नागरिक म्हणून सर्वांच्या माथी येतो, आणि त्याचा निवाडा जेत्याच्या हाती असतो. नैतिक दोष ज्याचा त्याने आपल्या विवेकापुढे, फार तर जिवलगांपुढे, मांडायचा. शेजाऱ्याला ओढून नेले आणि मी मात्र जिवंत राहिलो, या जाणिवेतला चौथा दोष ईश्वरापुढचा.

लाखो माणसे मारली गेली असताना या फोडी कसल्या करता, हा शब्दच्छल झाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त वाटतो, पण उलट बाजू पाहा. सगळेच दोषी म्हटले की खरा दोषी गर्दीत लपतो. राजकीय विचारवंत हन्ना आरेन्ट यांनीही हेच बजावले होते. शिवाय फोड केल्यावाचून भरपाईही मागता येत नाही. 1952 च्या लक्झेंबर्ग करारानुसार पश्चिम जर्मनीने इस्रायलला 3 अब्ज मार्क द्यायचे कबूल केले. पुढे तो भार उचलणाऱ्या करदात्यांत हिटलरच्या काळी शाळेत जाणारी मुलेही होती. ती गुन्हेगार नव्हती, तरी भार त्यांचाही होता.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे: बारीक भेद केले की त्यांच्या फटींतून गुन्हेगार निसटतात. 1941 च्या दुरुस्तीपासून जर्मन कायद्यात ‘मोर्ड’, म्हणजे खून, ठरवताना मारणाऱ्याची हाव, नीच हेतू, दगाबाजी, क्रौर्य अशी लक्षणे पाहतात. ती नसली तर तो ‘टोटश्लाग’, आपल्या सदोष मनुष्यवधाच्या जवळचा. नाझी काळातील टोटश्लागच्या खटल्यांची मुदत 1960 मध्ये संपली, आणि खुनाचेच खटले तेवढे उरले. मग किरकोळ नियमभंगांच्या कायद्यासोबतच्या एका पूरक कायद्यात, 1 ऑक्टोबर 1968 पासून, एक निरुपद्रवी दिसणारे कलम आले. खुनाला मदत करणाऱ्याच्या स्वतःच्या मनात नीच हेतू नसेल, तर त्याची शिक्षा कमी करणे सक्तीचे झाले. शिक्षेबरोबर मुदतही आखूड झाली, आणि अशा साहाय्यकांसाठी ती 1960 मध्येच उलटून गेलेली निघाली! मे 1969 मध्ये संघीय न्यायालयाने हाच अर्थ मान्य केला. एसएस प्रमुख हिमलरच्या बर्लिनमधील मुख्यालयात टेबलाशी बसून मृत्यूचे हुकूम हलवणाऱ्यांवर तयार होत आलेली प्रकरणे कोसळली. त्या कायद्याच्या कामाशी न्याय मंत्रालयातले एदुआर्ड ड्रेहर निगडित होते, नाझी काळात इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयातले सरकारी वकील. हे मुद्दाम झाले की नजरचुकीने, यावर वाद आहे.

तरीही मी दोष भेद करण्याला देणार नाही. विवेकापुढचा प्रश्न फौजदारी न्यायालयात आणून बसवला, तिथे घोटाळा झाला. कृत्य जाणूनबुजून केले की नकळत, हे न्यायालयाने पाहायलाच हवे. पण जाणणे वेगळे आणि मनात द्वेष असणे वेगळे. द्वेषाशिवाय, निव्वळ नोकरी म्हणून, माणसे मृत्यूकडे पाठवणारा कारकून या मापाने निर्दोषांच्या जवळ जाऊन बसतो.

हा गुंता ल्यूनबर्गच्या न्यायालयात 2015 मध्ये उघड्यावर आला. ऑस्कर ग्रोनिंग आउश्वित्झच्या मृत्युछावणीत आलेल्या कैद्यांच्या सामानातल्या नोटा मोजून हिशेब ठेवत. आपण नैतिकदृष्ट्या दोषी आहोत, कायद्याने आहोत का हे न्यायालयाने ठरवावे, असे ते स्वतःच म्हणाले. यास्पर्सची फोड आरोपीच्या तोंडी आली होती, आणि मला तरी ती निव्वळ पळवाट वाटत नाही. न्यायालयाने त्यांच्या मनातला द्वेष शोधला नाही. ते ठिकाण कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या कामाने ते चालत राहिले, एवढे पुरेसे मानून 3 लाख खुनांना साहाय्य केल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा दिली. 2016 मध्ये ती कायम झाली. तुरुंगात जाण्याआधीच 2018 मध्ये ते वारले. खुनाचे 1941 चे कलम बदलण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही 2015 मध्येच अहवाल दिला होता. त्यानंतरही कलम जागचे हलले नाही.