समुद्रात बुडी मारायची, पण मुक्काम कुठं?

गिरडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

यंदा आमच्या गटांनी सहलीसाठी वेगळी भिशी टाकली आहे. गटाच्या बचतीला हात नाही, फिरत्या निधीला तर नाहीच. शेगाव झालं, माहूर झालं. या खेपेला तरुण सुनांनी मालवणचं नाव काढलं, आणि नुसता समुद्र बघायचा नाही, स्कूबा करायचं म्हणाल्या. बैठकीत एकच गलका उडाला. एक आजी म्हणाली, "विहिरीत डोकावलं त तुमचे पाय कापते, अन् समुद्राच्या बुडाशी कायले जाता?"

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात नळी लावून पाण्याखाली श्वास घेत फिरणं. टाकीत ऑक्सिजन असतो असं बरेच जण समजतात, पण असते ती आपली साधीच हवा, दाबून भरलेली. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो, कान दुखायला लागतात, म्हणून नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची. आणि श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, रोखून धरली तर इजा होते. पहिल्यांदा करणारीला पोहता आलंच पाहिजे असं नाही. प्रशिक्षक सोबत असतो, त्याचा हात सुटत नाही.

इथवर सगळ्या एकमत झाल्या. अडलं ते मुक्कामावर. एकीच्या भाचीनं मोबाइलवर दाखवलं की परदेशात लोक आठवडाभर बोटीवरच राहतात, तिथंच जेवतात, झोपतात आणि तिथूनच बुड्या मारतात. झालं, अर्ध्या जणी म्हणाल्या, आपणही बोटीवरच राहू, लॉजचा खर्च वाचेल.

अशा बोटी आहेत, मालदीवला आहेत, इजिप्तच्या तांबड्या समुद्रात आहेत. त्या कशासाठी निघाल्या ते समजून घेतलं पाहिजे. काही जागा किनाऱ्यापासून इतक्या दूर असतात की सकाळी निघून संध्याकाळी परत येणं जमत नाही. आपल्या अंदमानातलं बॅरन बेट घ्या, जिथं देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून ते शंभर किलोमीटरच्या वर आहे. ज्यांनी तीन-चार दिवसांचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलं आहे, ज्यांना दिवसाला तीन-चार बुड्या मारायच्या आहेत, त्यांना बोटीवरचा मुक्काम परवडतो. रोजचं जाणं-येणं वाचतं, पहाटे उठून थेट पाण्यात. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. पण आपण जाणार आयुष्यात पहिल्यांदा, एक बुडी मारायला, तीही किनाऱ्याजवळ. तेवढ्यासाठी रात्रंदिवस हलत्या बोटीवर राहणं म्हणजे भाकरीपुरत्या पिठासाठी गिरणी विकत घेणं. तारकर्लीच्या कर्ली खाडीत एमटीडीसीनं हाऊसबोटी आणल्या होत्या, पण ती मौज संथ पाण्यातली. बुडीसाठी दुसऱ्या बोटीनं समुद्रात जावंच लागतं.

आमच्या मते खरा मुद्दा वेगळाच आहे. आमच्या यादीत अठरा नावं आहेत, आणि त्यातल्या सगळ्या पाण्यात उतरणार नाहीत. एकीला दमा आहे, दोघींना बीपीच्या गोळ्या सुरू आहेत, एकीच्या कानाचं ऑपरेशन झालं आहे. गरोदर बाईनं तर उतरायचंच नाही. फिट येणारीनं, हृदयाचा त्रास असणारीनं डॉक्टरचा कागद घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. साधी सर्दी झाली असली तरी त्या दिवशी थांबायचं, कारण कान मोकळा होत नाही. आता बोटीवर मुक्काम केला, तर न उतरणारीनं काय करायचं? पैसे सारखेच भरून दिवसभर उलटी आवरत दुसरीची टाकी बघत बसायचं! किनाऱ्यावर राहिलं तर ती मोकळी असते. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग बघेल, रापण ओढताना बघेल, नाहीतर घरमालकिणीकडून सोलकढी शिकेल. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. आमच्यातल्या कित्येक जणींना स्कूबापेक्षा त्यांनाच भेटायची ओढ आहे. नावेचा हिशेब कसा ठेवता, पाळी कशी लावता, हे विचारायचं आहे.

पैशाचंही तसंच. आपल्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला लोक येतात. जे स्वतःचा शिधा घेऊन गाडीनं येतात आणि त्याच गाडीनं परततात, त्यांचं गावात काय पडतं? जो मुक्काम करतो, तो दूध घेतो, भाजी घेतो, चहा पितो. मालवणच्या बाईच्या घरी राहिलो तर आपलं भाडं तिच्या चुलीपर्यंत जाईल.

आता धोक्याचं. हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळ 2 सप्टेंबर 2019 ला अशाच मुक्कामी बोटीला पहाटे आग लागली, खालच्या खोलीत झोपलेले 34 जण गेले. रात्री जागं राहून फेरी मारणारा पहारेकरी नव्हता. पण म्हणून जमिनीवर राहिलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. 24 मे 2022 ला स्कूबा करून परतणारी बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. राहायला घर असलं तरी पाण्यात बोटीनंच जायचं आहे. तेव्हा बोटीवर पाय ठेवण्याआधी विचारायचं: परवाना आहे का, किती माणसांचा आहे, प्रशिक्षकाकडं प्रमाणपत्र आहे का. मोजून माणसं बसवायची. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळायचे, मांडीवर घेऊन बसायचं नाही. वारा सुटला आणि नाववाला म्हणाला "आज नको", तर त्याच्याशी भांडायचं नाही. नाववाला "चला" म्हणाला आणि आपल्याला लाटा मोठ्या दिसल्या, तर आपण "नको" म्हणायचं. किनाऱ्यावर खोली असली की दुसऱ्या दिवशीची सकाळ हाताशी असते, म्हणून एक दिवस जास्तीचा धरा.

कपड्यांचं बैठकीत कोणी मोठ्यानं विचारलं नाही, नंतर हळूच विचारलं. अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट देतात, आतून टी-शर्ट आणि लेगिंग चालते. काचेच्या बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी खोलीवरच ठेवून जा. कपडे बदलायला बंद जागा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. आणि फोटो, व्हिडिओ, बोटीचं भाडं धरून भाव सांगता की वेगवेगळा, तेही. अठरा जणींचा भाव एकीच्या भावापेक्षा कमी पडलाच पाहिजे, तिथं लाजू नका.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याला कापसाच्या वेच्यातून मान वर करता येत नाही. फेब्रुवारीत तूर घरात आली आणि चना अजून शेतात असला, की मधले आठ दिवस निघतात. मालवणसाठी कुडाळला उतरायचं, पुढं एसटी. येत्या बैठकीत ज्यांना पाण्यात उतरायचं त्यांची एक यादी आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांची दुसरी करणार आहोत. गिरडच्या आसपासच्या गटांतल्या कोणाला यायचं असेल, तर ग्रामसंघाच्या बैठकीच्या दिवशी नाव सांगा, आणि बीपीची चिठ्ठी सोबत आणा.