परवान्याची पंचक्रोशी

काशीच्या रहिवाशांना सीमेचे महत्त्व कोणी नव्याने शिकवावयास नको. पंचक्रोशीच्या आत देह ठेवला तर मोक्ष, आणि गंगेपलीकडे व्यासकाशीत ठेवला तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी तेथील जुनी समजूत आहे. परलोकासाठी पूर्वापार होत आलेला हा हद्दीचा विचार मोटारगाडी आल्यापासून इहलोकासाठीही करावा लागू लागला. फरक इतकाच, की मोक्षासाठी रहिवासाचा दाखला कोणी मागत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मुळात असे ठरविले होते, की माणूस जेथे सामान्यतः राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा जेथे वाहन चालविण्याचे शिक्षण घेतो, तेथील अधिकाऱ्याकडे त्याने परवान्यासाठी अर्ज करावा. यामागील हेतू समजण्याजोगा आहे. नोंदी कागदावर होत्या आणि तो कागद एकाच कचेरीत राहत असे. वहीला पाय नव्हते, म्हणून माणसाने चालत जावयाचे.

परंतु जिल्ह्याची हद्द परवान्याच्या सोयीसाठी आखलेली नसते. १९९७ मध्ये वाराणसी जिल्ह्यातून चंदौली हा निराळा जिल्हा निघाला. गंगेपलीकडील मुगलसराय त्यात गेले. त्याच पैलतीरावरचे रामनगर मात्र वाराणसीतच राहिले. म्हणजे ही रेषा नदीनेही ठरविली नाही. रामनगरच्या गाडीवर यूपी ६५, मुगलसरायच्या गाडीवर यूपी ६७. दोन्ही गावची माणसे गंगा ओलांडून येतात ती त्याच बाजारात, त्याच इस्पितळात, त्याच विद्यापीठात.

ज्याचे स्वतःचे घर किंवा दुकान आहे, त्याला या रेषेचा फारसा जाच होत नाही. जाच होतो तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यास. बलियाहून काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकावयास आलेला विद्यार्थी लंका भागात चार वर्षे राहतो. पण घरमालक भाड्याचा कागद लिहून देण्यास राजी नसतो. कागद नाही, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो बलियाचाच. शिकाऊ परवान्यासाठी एक फेरी, आणि निदान तीस दिवसांनी कसोटीसाठी दुसरी. विद्यार्थ्याचा यात अभ्यास बुडतो. शेठजींच्या गाडीवर चालक म्हणून लागू पाहणाऱ्या तरुणाची रोजी बुडते, आणि परवाना हाती नसल्याने ती नोकरीही दुसऱ्याला मिळते.

पुढे नोंदी संगणकात गेल्या. ‘सारथी’ आणि ‘वाहन’ या व्यवस्थांमुळे एका कचेरीतील नोंद दुसरीत दिसू लागली, आणि वहीला पाय फुटले. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे शब्दही बदलले: राज्यातील कोणत्याही अधिकाऱ्याकडे अर्ज करता यावा. जिल्ह्याची रेषा अशी फिकट झाली; राज्याची मात्र जशीच्या तशी ठळक राहिली, कारण तिच्याखाली कराचा पैसा आहे.

दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. पुण्याहून एखादा नातलग तेथे येऊन स्थायिक झाला आणि आपली दुचाकी बरोबर घेऊन आला, तर बारा महिन्यांपलीकडे तिला पुण्याचा क्रमांक चालत नाही. पुण्याच्या कचेरीचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावयाचे, उत्तर प्रदेशाचा कर नव्याने भरावयाचा, आणि महाराष्ट्रात पूर्वीच भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळविण्यासाठी पुन्हा पुण्याकडेच अर्ज करावयाचा. एकाच देशात एकाच वाहनासाठी हा खटाटोप!

१५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बी. एच.’ क्रमांकाची सोय झाली. हा क्रमांक असलेल्या वाहनाला राज्य बदलले तरी नवी नोंदणी लागत नाही. पण ती सोय सैनिकांना, सरकारी व सार्वजनिक उद्योगांतील नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी संस्थांच्या नोकरांना. घाटावर पौरोहित्य करणारा भिक्षुक, किंवा गल्लीत लहानसे दुकान मांडणारा गृहस्थ, यांत बसत नाही. त्याची एम. एच. १२ क्रमांकाची दुचाकी दुर्गाघाटाच्या बोळात उभी असते, आणि वर्ष भरण्याआधी पुण्याला कधी जाता येईल याचा तो पंचांगात दिवस पाहत असतो.