व्यवसायोपचार : एक गरजेचा पेशा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शाळेत असताना माझ्या वालिदांना अर्धांगवायूचा झटका आला. कुणाच्या सांगण्यावरून एक गृहस्थ 'व्यायाम देण्यास' घरी येऊ लागले. लुळा पडलेला हात ते जोराने वर ओढीत. खांदा सुजला, रात्रीची झोप गेली. पुढे मुंबईच्या एका इस्पितळात नेले, तेव्हा तेथील बाईंनी विचारले, "या गृहस्थांची नोंदणी आहे का?" आम्हांला प्रश्नच कळला नाही. त्याच बाईंनी अब्बांना एका हाताने कुर्ता घालण्यास, नळ सोडून वुजू करण्यास शिकविले. खुर्चीवर बसून का होईना, पण कुणाच्या मदतीवाचून त्यांनी नमाज अदा केली, त्या दिवशी आमच्या घरी ईद झाली.

या विद्येचे नाव व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. येथे व्यवसाय म्हणजे केवळ धंदा नव्हे; जेवणे, लिहिणे, शर्टाची बटणे लावणे हाही माणसाचा व्यवसायच. भारतात तिचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. आपल्या राज्याचा हा वारसा असूनही आपल्या घरांत डॉक्टर आणि इंजिनिअर याखेरीज तिसरा विचार क्वचितच होतो.

पालकहो, आता मार्ग ऐका. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. नीट परीक्षा द्यावी लागते. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. के. ई. एम., शीव व नायर ही मुंबईतील महापालिकेची रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे हे शिक्षण मिळते. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. चार वर्षे अभ्यास व सहा महिने आंतरवासिता, अशी आजवरची रीत आहे. ती बदलू शकते, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे माहितीपत्रक अवश्य वाचावे.

पदवी हाती आली म्हणजे काम संपले असे मात्र समजू नका. आंतरवासितेचा दाखला घेऊन महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी राज्याने २००२ चा कायदा केला आहे, आणि २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. नोंदणीवाचून रुग्णाला हात लावता येत नाही. माझ्या अब्बांचा खांदा आठवा, म्हणजे हा कायदा कशासाठी आहे ते ध्यानी येईल. नोंदणीला मुदत असते; ती वेळेवर वाढवून घ्यावी. परदेशी जायचे तर त्या देशाची परवानगी निराळी काढावी लागते, आणि तेथेही येथील नोंदणीचे कागद मागतात.

एक सूचना कळकळीने करते. आपल्या मुलांची नावे दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, असे फार घडते. कुठे शेख आधी, कुठे नंतर. कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे नुसते 'मो.'. पाच वर्षांच्या मेहनतीनंतर एवढ्याशा फरकासाठी अर्ज अडू नये. आजच घरी जाऊन कागद ताडून पहा. ज्यांची बिरादरी ओबीसी यादीत आहे, त्यांनी जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे अकरावीतच लागावे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो. पैशाच्या चिंतेने आधीच माघार घेऊ नका.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगते. २०१३ पासून डहाणूहून चर्चगेटपर्यंत लोकल धावते. प्रवास लांबचा आहे, हे खरे. रोज ये-जा करण्यापेक्षा वसतिगृहात किंवा नातलगांकडे सोय पहावी. परंतु अंतर आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका. घरातल्या आजारी स्त्रीला आपली अडचण स्त्रीपाशी मोकळेपणाने सांगता येते, हे तुम्हीही जाणता.

आणि विद्यार्थ्यांनो, शिकून परत या. चिकूच्या झाडावरून पडलेला मजूर, यंत्रात बोटे गमावलेला डायचा कारागीर, तलासरीच्या पाड्यावरील बसता न येणारे बालक, या साऱ्यांना आज उपचारासाठी मुंबई किंवा गुजरात गाठावे लागते. मजुरी बुडवून कितीजण जाणार? आपल्यातील एक मुलगा, एक मुलगी जरी नोंदणीची पाटी दाराला लावून येथे बसली, तरी कितीतरी घरांत माणसे स्वतःच्या हाताने घास घेतील.

अल्लाह आपल्या मुलांना ती तौफीक देवो. खुदा हाफिज.