तंतुवाद्यांच्या गावी स्वागत



 एडीएचडीचे निदान आणि उपचार या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून औषध दुकानदार कसा, हा प्रश्न मला इथून काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. उत्तर सोपे आहे. मिरजेतल्या डॉक्टरांना वेळ नसतो.

कसा असेल? 1894 साली विल्यम वान्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून दूरदूरचे लोक पेशंट घेऊन मिरजेची वाट धरतात. सांगली रस्त्यावरची वान्लेसवाडी त्यांच्याच नावाची. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या आमच्या जंक्शनात येत. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी गेले तेही इथूनच. (तेव्हा पाहुण्यांनी पाण्याची चिंता करू नये. उतरण्याच्या एका ठिकाणी काल रात्री नळ गेला होता, तो पहाटे आला.)

गाण्याचे तर विचारूच नका. 1905 साली बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले ते मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेब इथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. आमच्या सतारमेकरांच्या दुकानांत जरूर डोकवा. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवर कानस अलगद फिरवतो, तार छेडतो, कान देतो, नाही जमले की पुन्हा कानस. घाई केली तर घोडी फुकट. आपण डॉक्टर औषधाची मात्रा थोडी थोडी वाढवत, घरचे आणि शाळेतले लोक काय सांगतात ते ऐकत ठरवता, हे माझ्या वाचनात आले तेव्हा मला आमचा हा कारागीरच आठवला.

पण आज मला आठवण काढायची आहे ती डॉ. भडभडे यांची. हे नाव मिरजेतही आता फारसे कुणी घेत नाही. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे दत्तजयंतीला उडालेल्या दारूने अधू झाले आणि शिक्षण थांबले. त्याला उपचारासाठी भडभड्यांकडे आणले. दृष्टी पुरती परत येईना. डॉक्टरांचे काम तिथे संपले होते, पण त्यांनी फाईल बंद केली नाही. पोराचा गळा ऐकला आणि याला गाणे शिकवा म्हणून सांगितले. पोर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 मध्ये त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांना एडीएचडी होता असे माझे म्हणणे नाही. निदान करण्याचा परवाना माझ्याकडे नाही. मुलाला काय जमत नाही याची यादी करून झाल्यावर काय जमते तेही बघणारा डॉक्टर या गावात होऊन गेला, एवढेच सांगायचे आहे.

खाँसाहेब 1937 साली गेले. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने काही मुले अभ्यासात स्थिर होतात असे प्रसिद्ध केले. दोन्हींचा काही संबंध नाही, पण मिरजकर असा योग सोडत नाही.

आता दुकानातले. एडीएचडीच्या मिथाइलफेनिडेटची चिठ्ठी घेऊन आलेला बाप आधी मागे कोण उभे आहे ते बघतो, मग हळूच विचारतो, "सवय लागंल का हो याची?" मी म्हणतो, डॉक्टरांना विचारा. तो म्हणतो, तिथं गर्दी होती. या आजाराला रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. लक्षणे बाराव्या वर्षाआधीची हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. म्हणजे निम्मे निदान शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावर. आणि बाई वहीत लिहितात, "मस्ती करतो." अगदी लहान मुलांत गोळीआधी आईबापांचेच प्रशिक्षण हवे, असे आपण तज्ज्ञ म्हणता, ते कुठे मिळते, हे मला काउंटरवर रोज विचारतात.

व्यवस्थेत उणिवा आहेत. गाद्या कमी पडल्या, बस उशिरा आली, मागच्या रांगांना माइक नीट ऐकू येत नाही. लग्नसराईत आचारी मिळाला हेच नशीब समजा. सर्व चुका माझ्या पदरात घाला. देणगीदारांचे ऋण मोठे आहे. औषध विक्रेत्यांनी पिशव्या दिल्या, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी त्या भरल्या, मंडपवाल्यांनी भाडे निम्मे घेतले. एका आजोबांनी नाव न सांगण्याच्या अटीवर आजचे जेवण दिले आहे. ते समोरच बसले आहेत, म्हणून मी तिकडे बघत नाही. स्वयंसेवक मुलामुलींचे, आणि महिनाभर मला घरात न विचारणाऱ्या सौभाग्यवतींचेही आभार.

शेवटी डॉक्टरमंडळींना एक विनंती. पेशंट उठण्याआधी बापाच्या त्या प्रश्नाचे उत्तर द्या आणि शाळेसाठी चार ओळी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्या. तुमचे अक्षर आम्हाला लागते, बाईंना लागत नाही.