उन्हाळ्यांतील क्रीम आणि डिंकाची निवड



गेल्या वैशाखांत आमच्या पिंपळनेरास सूनबाईंनीं विक्रीसाठीं केलेल्या क्रीमच्या बारा डब्या परत आल्या. वर तेल, खालीं पाणी! त्यांची दोन महिन्यांची बचत बुडाली.

कारण साधें होतें. घट्ट पाणी तेलाचे सूक्ष्म थेंब जागच्या जागीं धरून ठेवतें. तें पातळ झालें कीं थेंब वर येऊन एकत्र होतात. सूनबाईंनीं कांडोळाचा डिंक उकळून घेतला होता. तो थंड पाण्यांत फुगून दाट होतो. परंतु उकळल्यास त्याचा दाटपणा कायमचा उतरतो. गवारीच्या बियांचा डिंक तापल्यावर पातळ होतो व निवल्यावर पुन्हां घट्ट होतो. फार वेळ शिजविल्यास मात्र तोही बिघडतो. बाभळीचा डिंक तेल-पाण्याची सांगड उत्तम घालतो, पण केवळ दाटपणासाठीं शेकडा तीस-चाळीस भाग लागतो. डोंगरांतील धावड्याचा डिंक थोडक्यांत अधिक दाट होतो. जिवाणूंकरवीं साखर आंबवून होणारा झँथन डिंक मात्र उष्णतेनें फारसा पातळ होत नाहीं. शेकडा अर्धा भागही पुरतो.

तेव्हां सांगड घालण्यास बाभूळ आणि दाटपणास झँथन, अशी जोडी करावी. डिंकाचें पाणी लवकर नासतें, म्हणून योग्य परिरक्षक घालण्यास विसरूं नये. आणि नमुन्याची एक डबी आठ दिवस तापल्या खोलींत ठेवल्यावांचून माल विकूं नये. हातास घट्ट लागणें निराळें, उन्हांत घट्ट राहणें निराळें. हा धडा आमच्या घरानें बारा डब्या देऊन घेतला. आपणांस तो फुकट लाभो.