दंडाची पावती फाडू नका
(कळंब तालुक्यातल्या गायरानधारकांच्या बैठकीतलं भाषण)



अतिक्रमणाचा दंड लागला की आपण रागानं पावती फाडतो. फाडू नका. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनानं शेतीसाठी गायरानावर केलेलं अतिक्रमण नियमानुकूल करायचं. पण तेव्हापासून आपणच कसतोय, हे दाखवायचं कशानं? त्याच पावतीनं!

पावती हरवली? मग तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना १-ई मागा. अतिक्रमणाची नोंदवही ती. जुनं दप्तर तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायचं.

'भाऊसाहेब, उतारा द्या की,' असं तोंडी म्हणाल तर 'उद्या या' हेच ऐकाल. लेखी मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही, दाखला जोडा. 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. गाव, गट नंबर, नमुना १-ई, १९७८ ते १९९० ची वर्षं, एवढंच लिहा. लिहिता येत नाही? तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं कायद्यानं माहिती अधिकाऱ्याचं काम आहे.

आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

उद्या कुणी उठवायला आलं, तर नुसत्या घोषणेनं भागणार नाही. हातात कागद पाहिजे.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!